विचारा फिजिओला : गॉगल लावून तोल सुधारेल का?

प्रश्न : माझं वय ६६, उंची पाच फूट दोन इंच, वजन ९४ किलो. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. अलीकडे एसटीची पायरी चढताना झोक जातो, परकर नेसताना भिंत धरावी लागते. मुलाने दिवाळीत व्हीआरचा हेडसेट आणलाय, म्हणजे गॉगलसारखा डोळ्यांवर लावून आभासी जगात खेळायचं यंत्र. म्हणतो, "आई, हा लावून खेळत जा, वजनही उतरेल आणि तोलही सुधारेल." इथलं एक सेंटर 'व्हीआर बॅलन्स'चं पॅकेजही देतंय. सुरू करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. खेळातून तोल सुधारू शकतो. पण डोळ्यांवरचा तो गॉगल तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता तरी नाही.

पोट सुटलं की शरीराचा भार पुढे सरकतो. पोटाशी भरलेली कळशी धरून दिवसभर उभं राहावं, तशी गत होते. मग पुढे पडू नये म्हणून पोटऱ्या सतत ताणलेल्या राहतात. माझ्याकडे येणाऱ्या जाड पेशंटना मी आधी चप्पल काढून, पाय जुळवून नुसतं उभं करते आणि त्यांच्या पायाच्या बोटांकडे बघते. बोटं फरशी पकडायला बघतात, इतकी की टोकं पांढरी पडतात. तोंडाने मात्र "मला काही त्रास नाही हो" चालू असतं.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते : डोळे, कानाचा आतला भाग आणि तळवे-घोटे. बारा वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते. तसं असेल तर तुम्ही आज उभ्या राहता त्या बऱ्याचशा डोळ्यांच्या भरवशावर. हेडसेट नेमके तेच काढून घेतो : खोली दिसेनाशी होते आणि समोर भलताच डोंगर उभा राहतो. शिवाय ज्यांना घाटात बस लागते, त्यांना यातही मळमळतं, कारण डोळे सांगतात 'चाललोय' आणि कान सांगतो 'जागेवरच आहे'.

म्हणून पहिलं काम तळव्यांची तपासणी. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर ठिकठिकाणी टेकवतात. दुखत नाही. तो टेकवून झाल्यावरही कुणी "लावलात का?" विचारलं, की मला उत्तर मिळालेलं असतं.

दुसरी चाचणी घरीच करा, मुलाला शेजारी उभं करून. खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. आपल्या नेहमीच्या चालीने. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात.

आता खेळाचं. पडद्यावरचे खेळ तुम्हाला चालतील. समोर टीव्ही, आजूबाजूची खोली दिसतेय, हाताशी जड खुर्ची. निन्टेंडो या व्हिडिओगेम कंपनीचा बॅलन्स बोर्ड, म्हणजे भार ओळखणारा पाट, २००७ साली आला. त्यावर उभं राहून भार इकडेतिकडे टाकला की पडद्यावरचं टेबल कलतं आणि चेंडू भोकात पाडायचा. मायक्रोसॉफ्टच्या २०१०च्या कायनेक्ट या खेळाच्या यंत्रात बोर्डही नव्हता, कॅमेराच शरीराच्या हालचाली टिपायचा. दोन्हींचं उत्पादन केव्हाच थांबलं, पण तत्त्व तेच राहिलं : भार कुठे पडतोय ते त्या क्षणी डोळ्यांना दिसतं आणि घोटा तिथल्या तिथे दुरुस्ती शिकतो. यावरचं संशोधन बरंचसं छोट्या गटांवर आणि थोड्या आठवड्यांचं आहे. साध्या व्यायामापेक्षा खेळ फार सरस आहे असं मी म्हणणार नाही. पण 'टाचा वर, टाचा खाली' चौथ्या दिवशी सोडून देणारी माणसं चेंडूसाठी मात्र पुन्हा उभी राहतात, आणि मला तेवढं पुरतं.

वजन उतरण्याची आशा यावर ठेवू नका. ते ताटाचं आणि चालण्याचं काम. उलट, वजन उतरलं की तोल आपोआप सुधारतो.

उपाशीपोटी खेळू नका, साखर उतरेल. तळवे बधिर निघाले तर अनवाणी नको, पायात बूट हवेत. चटई आणि टीपॉय आधी बाजूला. पॅकेजचे पैसे भरण्याआधी सेंटरला विचारा : पडद्यावर की हेडसेटवर? शेजारी माणूस उभा असतो का, की मशीन लावून देऊन तो फोनवर बसतो? आधी तळवे तपासणार का? शेवटच्या प्रश्नावर गोंधळले, तर परत फिरा.

प्रश्न : माझं वजन १५५ किलो. मित्राकडे जुना बॅलन्स बोर्ड आहे, वापरू का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : नको. जपानबाहेर विकलेल्या त्या बोर्डाची मर्यादा १५० किलो आहे. भिंतीकडे पाठ करून, समोर खुर्ची धरून एक पाऊल पुढे, एक मागे, असा भार बदलण्यापासून सुरुवात करा. गुडघे कुरकुरले तर त्या दिवशी थांबा आणि फिजिओला दाखवा.