वाचकांचे प्रश्न : हातपंप कोणता?

प्रश्न : मलावीतील एका खेड्यात कूपनलिका खोदून देण्यासाठी आमचे मंडळ निधी जमवत आहे. तिच्यावर हातपंप कोणता बसवावा?

उत्तर : जालना आणि सोलापूर येथील हातपंपांच्या अनुभवातून १९७० च्या दशकात घडलेला ‘इंडिया मार्क-२’ आफ्रिकेतही पुष्कळ ठिकाणी दिसतो, मात्र भूजल आम्लधर्मी असेल तर त्याचे लोखंडी पाइप गंजतात, पाणी तांबूस आणि तुरट होते, आणि बायका हंडे घेऊन पुन्हा ओढ्याकडे वळतात. मलावीत रुळलेल्या ‘आफ्रिदेव्ह’चे पाइप पीव्हीसीचे असतात आणि झिजलेले सील गावकऱ्यांना मोजक्या अवजारांनी स्वतःच बदलता येतात, म्हणून पाणी ४५ मीटरच्या आत असल्यास तोच घ्यावा. सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का, हे मात्र गावाच्या पाणी समितीला आधी अवश्य विचारावे.