गाडी रस्त्यावर, प्लग दुसऱ्या मजल्यावर

प्रश्न: भांडुपला चाळीत राहतो, घरात कमावणारे दोघं, मिळून 45 हजार येतात. जुनी टियागो ईव्ही 5 लाखाला मिळतेय, 1 लाख हातात आहेत, बाकी लोन काढेन. एक-दीड रुपयात किलोमीटर पडतो म्हणतात आणि गणपतीत कुडाळलाही जाता येईल, घेऊ का?
– एक वाचक, भांडुप

उत्तर: दादा, ते एक-दीड रुपयाचं गणित खरंय, पण घरच्या मीटरवर चार्ज करणाऱ्याचं. युनिटला 7-8 किलोमीटर जाते म्हटलं तरी बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिट साधारण 20 रुपयांच्या घरात जातं, म्हणजे किलोमीटर अडीच-तीन रुपये झाला, आणि सीएनजी 80 च्या आसपास धरून 25 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर तोही तीन-सव्वातीनच, मग वाचलं काय? तुमची गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार, आणि वरून वायर सोडून चार्जिंग करायचं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका, पावसात जिवाशी खेळ आहे तो.

4 लाखाचं लोन 12 टक्क्यांनी 5 वर्षं घेतलंत तर हप्ता 8,900 च्या आसपास, वर इन्शुरन्स. घरी प्लग असता तरी महिन्याला 600 किलोमीटर फिरून सीएनजीपेक्षा हजार-बाराशेच वाचले असते. भाड्याने दिवसाला शे-दीडशे किलोमीटर चालवणाऱ्याला हे परवडतं, रविवारी गाडी काढणाऱ्याला नाही. सरकारची सूटही तुमच्या वाट्याला फारशी येत नाही, अटल सेतूवर ईव्हीला टोल माफ आहे पण तुम्ही तिकडे जाणार किती वेळा, आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना तसाही टोल माफ असतो! कुडाळ साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, छोट्या बॅटरीवर वाटेत दोन-तीनदा थांबावं लागेल, त्या गर्दीत चार्जरला लाईन असली तर काय ते तुम्हीच बघा.

मी तरी आत्ता घेणार नाही. हां, कामाच्या ठिकाणी रोज 15 अ‍ॅम्पियरचा प्लग मिळत असेल तर गोष्ट वेगळी, रिकामी बॅटरी आठ-नऊ तासांत भरते. मग बॅटरीची 8 वर्षांची वॉरंटी किती उरलीय, दुसऱ्या मालकाला चालते का हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका.