वाचकांचे प्रश्न : जुना पेसमेकर क्लस्टर हलवताना

प्रश्न : हिंजवडीतल्या आमच्या कंपनीत सेंटओएस ७ वर दोन नोडचा (म्हणजे दोन सर्व्हरचा) पेसमेकर १.१ क्लस्टर आहे; एक सर्व्हर पडला तर पेसमेकर हे सॉफ्टवेअर सेवा दुसऱ्यावर चालू करतं. त्यावर डेटाबेस चालतो. एकेक नोड करत नवी आवृत्ती चढवता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. अडचण पेसमेकरची कमी, कोरोसिंकची (नोडमधले निरोप पोचवणाऱ्या त्याच्या जोडीदार सॉफ्टवेअरची) जास्त. कोरोसिंक २ आणि ३ एकमेकांशी बोलूच शकत नाहीत. एक नोड नवा आणि एक जुना ठेवलात तर दोन वेगळे क्लस्टर होतील आणि फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला सक्तीने बंद करण्याची सोय) चालू असेल तर एक दुसऱ्याला पाडेल. म्हणून रविवारी रात्रीची वेळ मागून घ्या आणि सगळंच बंद करा.

त्याआधी सीआयबीची (क्लस्टरची सगळी मांडणी जिथे लिहिलेली असते, तिची) एक्सएमएल प्रत क्लस्टरबाहेर काढून ठेवा. नव्या यंत्रावर ती crm_verify या तपासणीच्या आज्ञेतून तपासा, इशारे वाचा, मगच स्कीमा (त्या एक्सएमएलचा ठरलेला साचा) अपग्रेड करा. मास्टर-स्लेव्ह रिसोर्स (एका नोडवर मुख्य आणि दुसऱ्यावर दुय्यम चालणारी सेवा) आता 'प्रमोटेबल क्लोन' म्हणून लिहितात.

खरा घोळ होतो तो देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये. २०१८ च्या पेसमेकर २.० मध्ये त्याच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅमची नावं बदलली : सीआरएमडीचं (crmd) नाव पेसमेकर-कंट्रोलडी झालं, एलआरएमडीचं (lrmd) पेसमेकर-एक्झेकडी. जुनं नाव शोधणारी स्क्रिप्ट धडधाकट क्लस्टरलाही 'बंद' म्हणते! लॉगही आता व्हार-लॉगखालच्या पेसमेकर फोल्डरात जातो, म्हणून जुने लॉग आवरणाऱ्या लॉगरोटेटची मांडणी तपासा.

पुढे पेसमेकर ३.० वर जायचं असेल तर नागिओस (देखरेखीचं सॉफ्टवेअर) आणि अपस्टार्ट (सेवा सुरू करणारी जुनी प्रणाली) वर्गाचे रिसोर्स आत्ताच काढा. तिथे त्यांचा आधारच काढून टाकला आहे.