नवे टायर घातले, तरी स्टीअरिंग का थरथरतं?

प्रश्न : माझ्या गाडीला १८५/६५ आर १५ मापाचे टायर आहेत. बदलायची वेळ आली आहे. दुकानदार १९५/६५ आर १५ घालायला सांगतो, ‘पकड वाढेल, रिम तीच चालेल’ म्हणतो. घालावे का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आधी रिम बघा. रिमवर ‘१५ × ५ जे’ किंवा ‘१५ × ५½ जे’ असं कोरलेलं असतं. यातला दुसरा आकडा रिमची रुंदी, इंचात. १८५/६५चा टायर ५ ते ६½ इंच रुंद रिमवर बसतो. १९५/६५ला किमान ५½ इंच लागतात. या मापाच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना कंपनीकडून ५ इंची पत्र्याची रिम येते. तिच्यावर १९५चा टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि वळणावर टायर लोळतो. वाढणार म्हणून सांगितलेली पकड तिथेच जाते.

आता उंची. १८५ मिलिमीटर रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी ही भिंत. ती वर-खाली दोनदा धरायची आणि १५ इंचांचे ३८१ मिमी मिळवायचे : ६२१.५ मिमी. हाच हिशेब १९५/६५चा केला तर ६३४.५. चाक १३ मिमीने, म्हणजे दोन टक्क्यांनी मोठं झालं. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोन टक्के जास्त वेगात असेल, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो का, तेही तपासावं लागेल. रिम ५½ इंची असेल आणि रुंद टायर हवाच असेल, तर १९५/६० आर १५ हा मूळ उंचीच्या जास्त जवळचा (६१५ मिमी). आमचं मत विचाराल तर मूळ मापच घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या प्रतीच्या टायरवर घाला.

मापापुढचे ‘८८ एच’सारखे आकडे दुकानात कुणी वाचत नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंतचा वेग. त्याच मापात कमी भाराचा टायर स्वस्तात पुढे केला जाऊ शकतो. ८४चा टायर ५०० किलोच पेलतो. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला तो नको. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत जो आकडा आहे, त्याच्या खाली कधीही उतरू नये.

तारीखही टायर रिमवर चढायच्या आधीच वाचा. ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बहुधा एकाच बाजूला असतात, आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकूनच बघावं लागतं. सहा महिन्यांच्या आतला टायर मागा, वर्षापेक्षा जुना नाकारा. चारही टायरांची तारीख वेगवेगळी बघा. एका जोडीत एक जुना निघू शकतो.

प्रश्न : पुढचे दोनच टायर झिजले आहेत. नवे दोन पुढेच घालायचे ना? (वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. नवे मागे, आणि मागचे बरे असलेले पुढे. इंजिन पुढच्या चाकांना ओढतं म्हणून पुढचे आधी झिजतात. म्हणून नवे पुढे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कोकणातल्या पावसात साचलेल्या पाण्यावरून जाताना मागचे गुळगुळीत टायर रस्ता सोडतात तेव्हा गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. ते सावरणं बहुतेकांना जमत नाही. पुढची चाकं घसरली तर स्टीअरिंग हलकं पडतं, धोका हाताला कळतो, आणि पाय उचलला की गाडी बहुधा ताब्यात येते.

नक्षीच्या खाचेत आडवा उंचवटा असतो, तो १.६ मिमीवर. टायर तिथवर आला की कायद्यानेही तो बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र ३ मिमी उरले असतील तरी बदलून टाका. पाणी बाहेर फेकायला त्याहून कमी खोली पुरत नाही.

प्रश्न : चारही टायर नवे घातले, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून घेतलं. तरी ८०च्या पुढे स्टीअरिंग थरथरतं, ११०ला कमी होतं. दुकानदार पुन्हा अलाइनमेंट करू म्हणतो. (वाचक, नाशिक)

उत्तर : अलाइनमेंटचे पैसे देऊ नका. हे दोन शब्द एका दमात बोलले जातात म्हणून घोटाळा होतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते चुकले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने घासतो. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळ्या बाजूंना सारखं करणं. ठरावीक वेगाला येणारी आणि पुढे विरणारी थरथर ही ते चुकल्याची खूण. पुढच्या चाकांची असेल तर हातात जाणवते, मागच्यांची असेल तर सीटखाली.

चाकाच्या एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असले, तर ताशी १०० किमीला ते वजन सेकंदाला चौदा-पंधरा वेळा साडेचार-पाच किलोच्या जोराने चाक बाहेर ओढतं. वेग निम्मा केला की जोर चौथाई होतो, म्हणून गावात काहीच कळत नाही.

बॅलन्सिंगच्या यंत्राने ‘० ० ’ दाखवलं म्हणजे काम झालं, असं नाही. यंत्र फक्त त्याच्या दांड्यावर चाक जसं बसलंय तसं मोजतं. चाक तिरकं बसलं असेल तर शून्यही खोटा. दुकानात उभं राहून हे बघा. चाक आतून धुतलेलं हवं. रिमच्या आतल्या कडेला वाळलेला चिखल आणि नक्षीत अडकलेले खडे निघाले पाहिजेत. तोल साधायला रिमला लावलेली जुनी सगळी छोटी वजनं काढली पाहिजेत. जुन्यावरच नवी ठोकलेली दिसली तर तिथेच थांबवा. दांड्याच्या टोकाचा शंकू रिमच्या मधल्या भोकात नीट रुतला पाहिजे. मग यंत्रात तीन मापं जातात : रिमचं यंत्रापासूनचं अंतर, रुंदी, व्यास. रुंदी कैवाराने मोजली जाते का, की आधीच्या गाडीचीच राहिली आहे, याकडे लक्ष द्या. अलॉय रिमला चिकटवायची वजनं लावायची असतील तर यंत्रावर तसा पर्याय निवडावा लागतो. नाही तर यंत्र वजन कडेला आहे असं धरून हिशेब करतं आणि मिस्त्री ते आत चिकटवतो.

शून्य आल्यावर एक मागणी करा, आणि ती सोडू नका : यंत्राचा नट सैल करून चाक दांड्यावर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा, पुन्हा फिरवा. आकडा पाच ग्रॅमच्या आसपास राहिला तर काम खरं. दहा-पंधरा ग्रॅमच्या पुढे गेला तर चाक मध्यावर बसलंच नव्हतं, सगळं पहिल्यापासून.

एकाच चाकाला ६०-७० ग्रॅम लागत असतील तर वजनं वाढवत नेण्यात अर्थ नाही. हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवायचा. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती त्याची हलकी बाजू. ती व्हॉल्व्हला लागून आणायची. यंत्रावर चाक फिरत असताना पेचकसाचं टोक न लावता टायरजवळ स्थिर धरा. टायर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वर-खाली होताना दिसला तर दोष गोलाईत आहे. रिम खड्ड्यात वाकली असेल किंवा टायर रिमच्या कडेला सगळीकडे सारखा बसला नसेल. वजनांनी तो जात नाही.

चाक गाडीवर चढवताना हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. नट आधी हाताने लावायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, आणि शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, नेमका आकडा पुस्तिकेत. हवेच्या बंदुकीने एकदम ठोकलेले नट चाक तिरकं धरून ठेवतात.

इतकं करूनही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे, मागची पुढे करून बघा. थरथर सीटखाली गेली तर दोष त्या चाकांत. हातातच राहिली तर चाकाला गाडीशी आणि स्टीअरिंगशी जोडणारे भाग, म्हणजे टाय रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश आणि बेअरिंग, मिस्त्रीकडून तपासून घ्या. फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क बघा.

प्रश्न : अलॉय व्हीलला चिकटवलेली वजनं पावसाळ्यात दोनदा पडली. (वाचक, फोंडा)

उत्तर : वजनं चांगली असतात, जागा घाण असते. जुन्या गोंदाचा थर खरवडून, स्पिरिटने पुसून, पूर्ण सुकल्यावरच नवी चिकटवायची आणि अंगठ्याने दहा-पंधरा सेकंद जोरात दाबून धरायची. ओल्या रिमवर लावलेलं वजन पहिल्याच धुण्यात सुटतं. ब्रेक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) मोठा असेल तर वजन त्याला घासूनही निघतं. म्हणून चाक बसवल्यावर, गाडी जॅकवर असतानाच, ते हाताने एक पूर्ण फेरा फिरवा आणि कुठे घासल्याचा आवाज येतो का ते ऐका.