भरकटलेलं मन आणि मुलीची गोष्ट

प्रश्न : मी नोकरी करते, घरी दोन मुलं आहेत. अंघोळ करताना डोक्यात ऑफिसची मीटिंग आणि मीटिंगमध्ये घरची कामं. परवा मुलगी शाळेतलं काहीतरी अगदी रंगून सांगत होती, मी नुसतं ‘हो, हो’ करत होते. ‘सांग बरं, मी काय म्हणाले?’ असं तिने विचारलं आणि मला एक शब्द आठवेना. वर्तमानात राहायला शिकावं म्हणून रोज सकाळी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देते. पण विचार आणखीच उसळतात, कधी छातीत कोंडल्यासारखं होतं. हे मला जमणारच नाही का? – एक वाचक

उत्तर : जमतंय तुम्हाला. विचार उसळतात हे तुम्ही स्वतः टिपलंत ना? ते विचार आधीही होतेच, फक्त त्यांच्याकडे बघायला कुणी थांबलेलं नव्हतं. मन भरकटलं हे कळणं आणि त्याला हळूच परत आणणं, एवढाच हा सराव आहे. मन शंभरदा पळालं तर परत आणायची संधीही शंभरदा मिळते. मन कोरं करायचं ही अपेक्षा मात्र सोडून द्या, तिने अनेकांचा सराव पहिल्याच आठवड्यात सुटतो.

भरकटणं हा तुमचा एकटीचा दोषही नाही. हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवरून लोकांना दिवसभरात अवचित विचारायचं : आत्ता काय करताय, लक्ष कुठे आहे, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं, आणि मन कामात असताना लोक जास्त समाधानी होते. अगदी सुखाच्या विचारांत रमलेले लोकही त्यांच्याहून जास्त आनंदी नव्हते. उद्याच्या कामांचा विचार वाईट आहे असं मी म्हणणार नाही, संसार आणि नोकरी त्याशिवाय चालत नाही. तो कागद-पेन घेऊन, बसून करावा.

सराव रोजच्याच एखाद्या कामाला जोडा. हात धुणं घ्या. नळाचं पाणी आधी बोटांना लागतं की मनगटाला, साबण बोटांच्या बेचक्यांतून कसा सरकतो, फेस गेल्यावर कातडी किंचित कशी ओढल्यासारखी होते, हे बघा. तेवढ्यात राहिलेला ईमेल आठवेल. मनातल्या मनात ‘ईमेल’ म्हणा आणि पुन्हा बोटांकडे या. स्वतःवर चिडू नका, चिडलात की मन पुन्हा दुसरीकडे गेलंच. काही दिवस हे एकच काम धरा, दहा ठिकाणी प्रयोग नकोत.

मुलीशी बोलताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पूर्ण तिच्याकडे वळून बसा. ती बोलत असतानाच आपलं मन उत्तर किंवा उपदेश तयार करू लागतं. ते लक्षात आलं की उत्तर बाजूला ठेवून फक्त ‘मग?’ म्हणा. मधेच धागा सुटला तर खोटं ‘हो’ म्हणू नका. ‘माझं लक्ष गेलं गं, तेवढं परत सांगतेस?’ असं सरळ विचारा. आई खरंच ऐकतेय, हे मुलांना त्यातूनच कळतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता छातीचं. श्वासाकडे बघता बघता बरेच जण नकळत तो ताब्यात घेतात, ओढून-सोडून घेऊ लागतात, आणि मग कोंडल्यासारखं वाटतं. लक्ष श्वासावरच ठेवायला हवं असं कुठे आहे? जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी याच सरावाचा, म्हणजे ‘माइंडफुलनेस’चा, जो कार्यक्रम सुरू केला, त्यातही पडून एकेका अवयवाकडे लक्ष नेणं आणि साधी योगासनं होतीच. तुम्ही डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीला कुठे टेकलेत ते जाणवू द्या किंवा खोलीतले आवाज ऐका. पाच मिनिटं पुरे.

एरवीही छाती आवळल्यासारखी होत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, हे ताणामुळेच असेल असं गृहीत धरू नका. आणि शांत बसल्यावर जुन्या एखाद्या आघाताच्या आठवणी अंगावर येत असतील, तर रेटून बसू नका. तो सराव तिथेच थांबवा आणि पुढचं एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीने करा.