माण तालुक्यात 22 एकर माळरान आहे. अमेरिकेसारखं गुरांचं रँच काढून मांसाचा धंदा जमेल का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये नोकरीला असताना हजारो एकरांची रँचं पाहिली, म्हसवडजवळ वडिलांचं 22 एकर माळरान पडून आहे, तिथं पंचवीस-तीस गाई-बैल मोकळे सोडले तर पाच वर्षांत धंदा उभा राहील का. मी शेजारच्या आटपाडी तालुक्यातला. आज दावणीला दोन खिलार गाई, तीन पंढरपुरी म्हशी आणि बाहेर वाघरात, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, चाळीसेक मेंढरं आहेत. 2023 पर्यंत नऊ जर्सीही होत्या. त्या का गेल्या हे सांगितलं तर तुमचं निम्मं उत्तर त्यातच येईल.

पण कायद्याचं आधी उरकून घेतो. गाय-बैलांचं मांस हा धंदा महाराष्ट्रात नाही, विषय संपला. गाईला 1976 च्या कायद्यानं संरक्षण होतंच, मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. कत्तल तर सोडाच, कत्तलीसाठी विकणं आणि राज्याबाहेर पाठवणंही गुन्हा. पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. 2016 मध्ये उच्च न्यायालयानं परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगण्याबद्दलचं कलम काढलं, कत्तलबंदी कायम ठेवली. म्हशी-रेड्यांना ही बंदी नाही, पण म्हैस किंवा रेडकू असेल तर ते दुधाच्या, कामाच्या, पैदाशीच्या उपयोगाचं नाही असा दाखला लागतो.

आता माझ्या जर्सींचं. गोठ्याचा हिशेब सगळे दुधावर मांडतात. फॅट साडेतीन, एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला घन भाग, साडेआठ, लिटरला इतके, पेंडीचं पोतं इतक्याला. मीही तसाच मांडला होता. पण माझ्या वडिलांच्या काळापासून या धंद्याला आणखी एक पाय होता आणि तो कुणी वहीत लिहीत नव्हतं. जनावर थकलं की व्यापारी दारात यायचा, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा, आणि त्या पैशातून पुढच्या जनावराची निम्मी रक्कम सुटायची. बैलाचा तो रस्ता उघडाच होता. गाईचा कागदावर बंद होता, पण ती पुढं कुठं जाते हे देणाराही विचारत नव्हता आणि घेणाराही सांगत नव्हता. हे मी अभिमानानं सांगत नाही. बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून पुरणपोळी चारणारे आम्हीच आणि आठवड्यानं त्याला बाजारात उभा करणारेही आम्हीच. घरात म्हातारी दोन दिवस जेवायची नाही. पण पेरणी अडायची नाही.

तो पाय मोडल्यावर काय झालं? माझ्या नवांपैकी दोन भाकड पडल्या, एकीची कास दगडीच्या रोगानं गेली. तीन बसून खाणाऱ्या. एका गाईला नुसतं जगवायला रोजचे दीडशे रुपये धरा, म्हणजे दिवसाला साडेचारशे, आणि ते उरलेल्या सहांच्या दुधातून काढायचे. त्यातच 2023 च्या शेवटाला दुधाचा भाव पडला. जानेवारी 2024 मध्ये सरकारनं लिटरला पाच रुपये अनुदान लागू केलं, पण तोवर मी चार विकून बसलो होतो, त्याही शेतकऱ्याला, पडेल त्या भावानं. गोशाळेत विचारलं, तर जागा नाही आणि सोडायचीच असेल तर वर्षाच्या वैरणीचे पैसे द्या म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' झाली आणि गोशाळांना गाईमागे दिवसाला 50 रुपये अनुदान ठरलं, ते देशी गाईंना. जर्सी त्यात कुठून बसणार? तिच्या खोंडाचे हाल तर बोलायचेच नाहीत. नांगराला चालत नाही, शर्यतीला चालत नाही. रात्रीतून रस्त्यावर सोडलेली खोंडं तुम्ही पुण्याकडून येताना पाहिली असतील, ती आभाळातून पडलेली नाहीत. आता कालवडीच व्हाव्यात अशी वीर्यकांडी मिळते, दहातल्या नऊ वेळा गुण येतो. गाई घेणारच असाल तर तीच भरवा.

एक अनुभव जरा कडू आहे. मागल्या साली दोन म्हशी सांगोल्याच्या बाजारातून आणत होतो. दोन्ही गाभण, कानात बिल्ले, पावती, डॉक्टरचा दाखला, सगळं खिशात. रात्री नऊला टेम्पो अडवला. पंधरा-वीस पोरं, मोबाइलचे दिवे तोंडावर. म्हैस आणि गाय यातला फरक अंधारातही कळतो, पण कळून घ्यायचा नसेल तर उजेडाचा काय उपयोग. चार तास गेले. एक म्हैस टेम्पोतच बसली, पुढं आठवडाभर पाय टेकेना. तो टेम्पोवाला आता जनावराचं भाडंच घेत नाही. 2025 च्या पावसाळ्यात कुरेशी समाजातल्या जनावरांच्या व्यापाऱ्यांनी याच जाचाला कंटाळून राज्यभर खरेदी थांबवली, तेव्हा सगळ्यात आधी घाम शेतकऱ्याला फुटला. बाजार भरायचा, पण बोट धरायला माणूस नाही. कायद्यानं मोकळी असलेली म्हैससुद्धा विकेना.

तुमच्या टेक्सासची गोष्ट वेगळी, पण सुखाची म्हणू नका. तिथं माळावर वासरू वाढतं, मग फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावर धष्टपुष्ट करायच्या बंदिस्त वाड्यात, मक्यावर चढतं आणि शेवटी चार मोठ्या कंपन्या दारात उभ्या असतात. धष्टपुष्ट केलेल्या गुरांपैकी जवळपास 85 टक्के त्या चौघांच्या कत्तलखान्यांतून जातात. भाव कोण ठरवतं यावरून तिथले रँचवाले जे बोलतात ते ऐकलं तर आमच्या दूध संकलन केंद्रावरच्या गप्पा वाटतील. शिवाय दुष्काळानं त्यांनीही कळप मोडले. जानेवारी 2025 च्या मोजणीत तिथं 8 कोटी 67 लाख गुरं भरली, 1951 नंतरचा तोवरचा हा सगळ्यात कमी आकडा. गवत गेलं की गाई विकायच्या, पाऊस आला की कालवडी राखायच्या, ही त्यांची रीत. जनावर कमी झालं की भाव चढतो आणि ज्याच्याकडं उरलंय त्याची भरपाई होते.

आपल्याकडं दुष्काळात कळप मोडायची सोयच नाही. 2018-19 आठवा. माण, आटपाडी, जतमध्ये चारा छावण्या पडल्या, मोठ्या जनावरामागे सरकारकडून दिवसाला 90 आणि मे महिन्यापासून 100 रुपये. माझा चुलता तीन महिने छावणीत जनावरांबरोबर झोपला. उसाचं वाढं मिळायचं, नुसतं वाढं. पोट भरायचं, पण वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. छावणी उठल्यावर कितीतरी गाई वेळेवर माजावर आल्या नाहीत.

म्हणजे जनावर वाढवायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. ते शिकता येतं. ते दावणीवरून बाहेर कुठल्या दारानं जाणार, हे जनावर आणायच्या आधी कागदावर लिहा. ज्याला दार नाही ते आणू नका.

या कसोटीला गाय लावली तर एकच वाट दिसते, खिलारची पैदास. 2014 ला शर्यती बंद झाल्या तेव्हा खिलार खोंडाला पेंढीची किंमत राहिली नव्हती. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानंही शर्यतीचा कायदा उचलून धरला, आणि आता पळाऊ खोंडाला लाखाच्या खाली बोली नाही. पण पळणारा निघतो दहात एक. उरलेल्या नवांचं काय, हा प्रश्न फिरून तिथंच येतो. हौस म्हणून दोन गाई ठेवा, माझ्याही तशाच आहेत.

म्हशीला दार आहे, पण अरुंद. भारत परदेशी मोठ्या जनावराचं जे मांस पाठवतो ते सगळं म्हशीचं, हाड काढलेलं, व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्तकडं. गाय-बैलाचं पाठवायला देशभर बंदी आहे. मोठे कारखाने बहुतेक उत्तर प्रदेशात. आपल्याकडं नर रेडकाला दूधही पाजत नाहीत, पंधरा दिवसांत मरतं, आणि तेच दीड-दोन वर्षं वाढवलं तर चांगलं वजन धरतं. केंद्रानं रेडकं जगवायची योजनाही काढली होती. पण सुक्या भागात विकतची वैरण घालून मी हिशेब केला तर तोटाच आला. ज्याच्याकडं बारमाही पाणी आहे, म्हणजे वाळव्याकडं, कराडकडं, त्यानं करून बघावं. लाळ्या-खुरकुताची लस मात्र वर्षातून दोनदा चुकवायची नाही.

तुमच्या 22 एकरांवर खरं चालेल ते मेंढरू. कुणाला विचारायची गरज नाही, कुणी टेम्पो अडवत नाही, आणि दर आठवड्याला दारात गिऱ्हाईक. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी बघा, नाकाड वाकलेलं, उंच, चॉकलेटी ठिपक्यांची. नामी नराच्या किमती ऐकून तुम्ही मला वेडा म्हणाल, म्हणून लिहीत नाही. त्या नादाला नवख्यानं लागूही नये. मांसासाठी तीस-चाळीस साध्या माद्या घ्या, नर तेवढा चांगला. फलटणच्या निंबकर संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' तयार केली. तीही बघून या. पण जुळ्यांना पाजायला आईच्या पोटात चारा लागतो, माळावरच्या कुसळावर जुळी वाढत नाहीत.

आणि 22 एकर म्हणजे रँच नव्हे. आपल्याकडं वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बराचसा परतीचा. मोकळ्या गाई सोडल्या तर दिवाळीनंतर त्या दगड चाटतील. दोन एकर विहिरीखाली घासाला आणि मक्याच्या मूरघासाला (मुरवून साठवलेल्या ओल्या चाऱ्याला) ठेवा, बाकीच्या माळाला दोन पावसाळे जनावर लावू नका, पवन्या आणि मारवेल गवत आपोआप उठतं.

तारेचं कुंपण मात्र लगेच ओढू नका. म्हसवडच्या बाजूनं धनगरांचे वाडे, म्हणजे बिऱ्हाडासकट मेंढरांचे कळप, दरवर्षी पावसाळ्यानंतर खाली कृष्णाकाठाकडं उतरतात. त्यांची वाट तुमच्या माळावरून जाते का, गावात विचारा. जात असेल तर दोन रात्री मेंढरं बसवून घ्या, लेंडीखत फुकटात पडेल, आणि त्या दोन रात्री शेकोटीला बसून जे विचारायचं ते त्यांना विचारा. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.