आयचा वर्ग वजा एक कसा? आलेखकागदावर पाहू

तुम्ही विचारलंय की अकरावीतली संमिश्र संख्यांची गणितं सुटतात, उत्तरंही बरोबर येतात, पण एखाद्या संख्येचा वर्ग ऋण असू शकतो हे काही केल्या पटत नाही. ते आकृतीतून दाखवता येईल का? येईल. माझं तर स्पष्ट मत आहे की हा धडा आकृतीपासूनच शिकवायला हवा. आधी नियम पाठ आणि आकृती मागाहून, या क्रमामुळेच मुलांना हा सगळा बनाव वाटतो.

३ ला −१ ने गुणलं की −३ मिळतात. शून्यापासून ३ पर्यंत बाण काढा. गुणाकारानंतर तोच बाण शून्याभोवती अर्धा फिरून पलीकडे गेलेला दिसेल. म्हणजे −१ ने गुणणं हे १८० अंशांचं वळण. पुन्हा −१ ने गुणलं की बाण मूळ जागी येतो. ऋण गुणिले ऋण धन का, तेही इथेच कळतं.

आता आय (i) म्हणजे जिचा वर्ग −१ अशी संख्या. म्हणून आयने दोनदा गुणलं की एकदा −१ ने गुणल्यासारखं व्हायला हवं. शाळेतली कवायत आठवा: दोनदा ‘बायें मुड’ केलं की ‘पीछे मुड’ होतं. आयने गुणणं म्हणजे बायें मुड, डावीकडे ९० अंश. संख्यारेषेवरच राहायचं ठरवलं तर ९० अंशांत वळायला जागाच नाही, म्हणून वास्तव संख्यांमध्ये आय सापडत नाही. रेषा सोडून कागदावर उतरलं की सापडतो: शून्याच्या बरोबर वर, एक एकक अंतरावर. ३ + २आय म्हणजे उजवीकडे तीन घरं, वर दोन घरं. बेरजेत नवीन काही नाही, एका बाणाच्या टोकावर दुसरा बाण ठेवायचा.

खरी गंमत गुणाकारात आहे. (२ + आय) ला (३ + आय) ने गुणू या, पण कंस सोडवायची घाई नको. (३ + आय) ने गुणायचं म्हणजे २ + आय हा बाण तीनदा घ्यायचा आणि त्यात तोच बाण ९० अंश वळवून एकदा मिळवायचा. तीनदा घेतला की ६ + ३आय. डावीकडे वळवला की −१ + २आय. बेरीज ५ + ५आय.

आलेखकागदावर हे काढून पाहाच. ३ + आयची मूळ आकृती अशी: आडव्या रेषेवर तीन पावलं, मग काटकोनात वळून एक. गुणाकारातही तेच घडलं, फक्त आडव्या रेषेऐवजी २ + आय या बाणाच्या दिशेने, आणि प्रत्येक पाऊल त्या बाणाएवढं लांब. आख्खा काटकोन त्रिकोण उचलून तिरका ठेवला आणि मोठा केला. म्हणूनच लांबींचा गुणाकार होतो आणि कोनांची बेरीज. पायथागोरसने लांब्या काढा: √५ आणि √१०, गुणाकार √५०, ५ + ५आयची लांबीही √५०. उजवीकडच्या आडव्या रेषेपासून मोजलेले कोन साधारण २६.५७ आणि १८.४३ अंश. बेरीज बरोबर ४५, आणि ५ + ५आय नेमका ४५ अंशांवरच आहे.

भागाकार याच्या उलट: लांबीला भागा, कोन वजा करा. संयुग्मी संख्या (३ + २आय ची ३ − २आय) म्हणजे आडव्या रेषेतलं प्रतिबिंब.

आता तुमचा प्रश्न पुन्हा घ्या. कोणाचा वर्ग −१? −१ ची लांबी १, कोन १८०. वर्ग करताना कोन दुप्पट होतो, म्हणून ९० अंशांवरची संख्या चालेल. २७० वरचीही चालेल, कारण ५४० म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर १८०. त्या दोन संख्या म्हणजे आय आणि −आय.

तुमची अडचण जुनीच आहे. कार्दानो या इटालियन गणितज्ञाने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग मागितले की गुणाकार ४० यावा. उत्तर आलं ५ ± √−१५. हिशोब जुळत होता, पण या संख्या त्याला निरुपयोगीच वाटल्या. आकृती स्पष्टपणे मांडायला अडीचशे वर्षं गेली. ती मांडली कास्पर वेसल या जमीन मोजणाऱ्या माणसाने, १७९७ मध्ये डेन्मार्कच्या अकादमीपुढे. दिशा आणि अंतर हे त्याचं रोजचं काम, त्यामुळे त्याला हे सुचलं यात मला नवल वाटत नाही. निबंध १७९९ मध्ये डॅनिश भाषेत छापला गेला आणि जवळजवळ शतकभर दुर्लक्षित राहिला. १८०६ मध्ये आर्गां या हौशी गणितज्ञांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली, म्हणून आकृतीला नाव त्यांचं.

पटलं का ते तपासायला (१ + आय) चा आठवा घात कंस न सोडवता काढा. लांबी √२, तिचा आठवा घात १६. कोन ४५, आठपट ३६०, म्हणजे पूर्ण फेरी. उत्तर १६. मग याच रीतीने ८ ची तिन्ही घनमुळं शोधा. एक २ आहेच, उरलेली दोन १२० आणि २४० अंशांवर मिळतील.